देवाक वारो

आमच्या घरात माळ्यावर, बियाण्याचं भात बांधलेल्या पेंढ्याच्या मुड्यांमागे, तांबड्या पंच्यात बांधलेलं एक गाठोडं असायचं आणि त्याला बायकांनी हात लावायचा नाही असा नियम होता. का लावायचा नाही म्हणून मी आईला विचारलं, तर म्हणाली, "नाय म्हणजे नाय." आता हे काही उत्तर झालं? मी पुन्हा विचारलं. तिने मला नारळ खवायला बसवलं. लहानपणी मी जितके नारळ खवले तितके आमच्या वाडीतल्या कुठल्याच पोरीने खवले नसतील, कारण दिसेल त्या गोष्टीला ‘कित्याक’, म्हणजे ‘का’, विचारायचं ही माझी खोड आणि नारळ हे त्यावरचं आईचं औषध. मंदाकिनी हे नाव शाळेच्या पटावरच राहिलं. घरात मी मंदा, वाडीत कित्याकबाय. आज गुडघे बोलतात, चष्म्याशिवाय तांदळातला खडा दिसत नाही, पण खोड गेलेली नाही. परवा डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही गोळी घ्या, प्रश्न विचारू नका. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

आमची वाडी वालावलीच्या पलीकडे, खाडीचा काठ सोडून डोंगराच्या अंगाला. खाली शेतं, वर काजू, आणि त्याच्याही वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा. घरात आम्ही चौघं: आबा, आई, माझी मोठी बहीण शालू आणि मी. भाऊ नाही, याचा उसासा आई सणावारी टाकायची, आबांनी कधी टाकलेला मला आठवत नाही. आबा म्हणजे कमी बोलणारा माणूस. गुरांशी बोलत, माडांशी बोलत, आमच्याशी गरजेपुरतं. सकाळी जाग यायची ती आईच्या रगड्याच्या घरघरीने. घावण्याचं पीठ वाटताना ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असे, आणि ते पुटपुटणं थांबलं की समजायचं, बिडाच्या तव्यावर पहिलं घावण पडलं. मग चर्र आवाज, मग वास, मग शालूची आणि माझी पहिल्या घावणासाठी मारामारी. पहिलं घावण हमखास मोडायचं आणि मोडलेलं घावण गूळखोबऱ्याशी जे लागतं ते अख्ख्याला लागत नाही. हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

त्या चुलीच्या वायनावर, म्हणजे बाजूच्या छोट्या चुलीवर, एक काळा खडा कायम पडलेला असे. असे खडे आमच्याकडे पैशाला पासरी. शेत नांगरताना निघत, व्हाळाच्या पाण्यात पाय घातला की बोचत. दगडाच्या मानाने भलते जड, वरून कुठे गुळगुळीत, कुठे भोकं भोकं, जणू गुळाचा पाक सांडून तिथेच आळला. आम्ही त्यांना काळये म्हणत असू. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावर काळयो, लोणच्याच्या बरणीतल्या फळीवर काळयो. वाडीत कुणी बाळंत झाली की आई खडा लालबुंद तापवायची आणि ताकाच्या भांड्यात सोडायची. ताक असं ओरडायचं की पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागे. ते ताक बाळंतिणीला पाजायचं, रक्त भरून येतं म्हणून. मी विचारलं, हे खडे आले कुठून? आई म्हणाली, "राखण्यान टाकल्यान." राखणा म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. सड्याच्या कडेला एक उंचवटा होता, त्याला राखण्याचा टेंब म्हणायचे, तो तिथे राहतो एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि देव कशाला खडे टाकील? नारळ खवायला बसले मी.

भातं कापून झाली, मळणी आटोपली की मार्गशीर्षात एका रविवारी राखण असे. दर वाडीची राखण असते, कोंबडं आणि भात देवाला द्यायचा आणि तिथेच बसून जेवायचं, उरलेलं घरी आणायचं नाही. पण आमच्या घराची राखण वेगळी होती. मोठ्या बायकांना तिथे मज्जाव, पण लहान पोरींना चाले, म्हणून मी परकर नेसायला लागेपर्यंत दरवर्षी गेले. टेंबाच्या पायथ्याशी भाजक्या मातीची एक फुटकी विहिरीसारखी कड होती, गुडघाभर. आबा आणि त्यांचे चुलतभाऊ, आमचे बाळाकाका, तिच्या आत किंजळीच्या झाडाचा कोळसा भरत. लाकूड नाही, कोळसाच, तोही किंजळीचाच. मग गाठोडं सोडायचं. आत दोन शिंगं. राखण्याची शिंगं. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, किंचित वाकडी, मातीची आणि आरपार पोकळ. दोन्हींचं एकेक टोक वितळून काचेसारखं झालेलं, काळपट हिरवं. ती दोन बाजूंनी निखाऱ्यात खुपसायची आणि बाहेरच्या टोकाला बांबूच्या फुंकण्या लावून एका बाजूने आबांनी, दुसऱ्या बाजूने काकांनी फुंकायचं. एकाचा श्वास सुटायच्या आत दुसऱ्याचा सुरू. याला म्हणायचं देवाक वारो घालणं. आगीचा डोळा तांबड्याचा पिवळा झाला की आबा सड्यावरची वजनदार तांबडी खडी मूठभर आगीत सोडत, "घे म्हाराजा" म्हणत. मगच त्या आगीवर भाताचं मडकं चढे. रश्शाला खोबऱ्याचं वाटप नाही, फक्त मीठ, मिरची आणि कोंबडं. वाटपाशिवाय रस्सा म्हणजे मालवणी माणसाला शिक्षाच, पण त्या दिवशी तोच इतका गोड लागायचा की मी पळसाचं पान चाटत असे. आबांना मी विचारलं होतं, खडी कित्याक? वारो कित्याक? ते म्हणाले, "बापूस करी म्हणान मी करतंय." आणि तोंड पुसून उठले.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. पुण्याहून एक बाई आल्या. लिमये बाई. जुन्या जागा शोधून त्यांचं टिपण काढायचं हे त्यांचं काम. बाई एकटी फिरते, डोक्यावर पुरुषी टोपी घालते आणि दगड गोळा करते, हे ऐकूनच आईने कपाळाला हात लावला होता. पण सड्याच्या सगळ्यात जवळचं घर आमचं, आणि पडवीतली खोली रिकामी, म्हणून सरपंचांनी त्यांना आमच्याकडेच धाडलं. दोन दिवसांत आई विरघळली, कारण बाई घावणे मागून मागून खात आणि कुळथाच्या पिठीचं ताट बोटाने निपटत. "शहरातली आसा पण जेवता बरा," हे आईचं प्रमाणपत्र. मला तर देव भेटल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा एक मोठं माणूस दिवसभर कित्याक कित्याक करत हिंडत होतं आणि त्याला कुणी नारळ खवायला बसवत नव्हतं!

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाईंनी पडवीत वर्तमानपत्र पसरून त्यावर काळये मांडले आणि मला म्हणाल्या, "मंदा, हे काय आहे माहीत आहे? लोखंड गाळताना जो मळ वितळून बाहेर वाहतो ना, तो हा. कीट. तुमच्या टेंबावर कोणीतरी लोखंड काढत होतं. कारखाने यायच्या कितीतरी आधी." मी विचारलं, कशातून काढत होतं? त्यांनी खिशातून मूठ काढली आणि उघडली. सड्यावरची वजनदार तांबडी खडी! आबा देवाला घास म्हणून सोडत तीच. मी त्यातला एक खडा उचलून हातात तोलला. बाई बोलतच होत्या. मातीची कमरेएवढी भट्टी, आत कोळसा आणि खडीचे थर, आणि दोन बाजूंनी सतत वारा. वारा थांबला की भट्टी गारद, सगळी मेहनत पाण्यात. "वारा आत न्यायला मातीच्या नळ्या लागतात," त्या म्हणाल्या आणि बोटाएवढा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला काळपट हिरवी काच. मी तो तुकडा बघितला, मग माळ्याकडे बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं तोच शालूने आतून हाक मारली, "गो मंदा, हय ये बघूया." शालू दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळा डाग पडला.

शालूची बाजू सांगते. तिचं लग्न जुळत आलं होतं. बांद्याचं स्थळ, बाजारपेठेत दुकान, मुलगा सावंतवाडीला कचेरीत कारकून. मुलाने तिला बघितलं होतं, तिने मुलाला बघितलं होतं, आणि ती बांद्याचं नाव निघालं की चुलीत फुंकायला खाली वाकायची, चूल पेटलेली असली तरी. त्या काळी आमच्याकडे इतकं झालं की पुरे. मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, घराण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. आधी तीन पिढ्यांची नावं विचारून गेले होते. पुढच्या रविवारी साखरपुड्याचा दिवस ठरवायला येणार होते. आईने तांदूळ सडून ठेवले, अंगणातलं खळं दोनदा सारवलं.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली की टेंब आणि भोवतालचा सडा चिरेखाणीला द्यायचं नक्की होत आहे. जागा सरकारी, आमचा बोलायचा हक्क नाही. यंत्रं आली की टेंबाचे चिरे पडायला वेळ लागणार नव्हता. लिमये बाई धावपळ करत होत्या. वरचे साहेब म्हणत होते, ही चुन्याची भट्टी असेल नाहीतर कुंभाराची, दोन तुकड्यांवरून जागा राखून ठेवता येणार नाही. संध्याकाळी पेज जेवताना बाई आबांना म्हणाल्या, "एक अखंड नळी मिळाली तरी माझं काम होईल. या वाडीत कुणाकडे जुनं काही असेल का? कुणाच्या घरी काही रीत, काही आठवण?"

आबा ताटावरून उठले, हात धुतला आणि म्हणाले, "नाही बाई. आमच्याकडे तसलं काहीही नाही."

आमच्या घरात आबा शुद्ध बोलायचे ते फक्त मामलेदार कचेरीत. ते शुद्ध बोलायला लागले की समजावं, काहीतरी झाकतायत. बाईंना हे कळायचं कारण नव्हतं. मला आणि शालूला कळलं. आबा पेज तशीच टाकून गोठ्याकडे गेले. मी मागोमाग गेले. म्हटलं, आबानू, शिंगं म्हणजे त्याच नळ्या, होय ना? ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. पण बहुधा इतकी वर्षं पोटात धरून त्यांनाही ते जड झालं असावं. म्हणाले, "माज्या बापाशीन मराच्या आधी माका सांगल्यान. आपण शेतकरी मागसून झालंव. आधी ह्याच टेंबार लोखंड गाळणारे. धंदो बसलो, मगे जमीन कसूक लागलंव, आडनाव बदाललंव, लोकांत मिसाळलंव. तो म्हणालो, वारो घालूक चुकू नको, आणि कोणाक सांगू नको." मी म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? लोखंड गाळणं म्हणजे काय चोरी? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुका नाय वाटणा गो. पण लोक इचारतले, मगे तुमी नेमके कोण? आणि पयला कोण इचारतलो? बांद्याचो अण्णा." पुढे म्हणाले, "टेंब गेलो तर राखण्याक मी काय तोंड दाखवू? आणि टेंब राखलो तर शालूक काय तोंड दाखवू?" आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कधी बघितलं नव्हतं ते. मी म्हशीच्या दाव्याची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली. गोठ्याच्या कुडाला शालू टेकून उभी होती हे मला नंतर समजलं. पेंढा आणायला आले म्हणाली. पेंढा काही तिने नेला नाही.

रविवार उजाडला. बांद्याहून अण्णा, त्यांची बायको आणि एक मामा असे तिघं आले. आबांच्या बाजूने बाळाकाका बसले. घावणे, नारळाचा रस, काजूगरांची उसळ, आईने जीव ओतला होता. अण्णा जेवणारे गडी. एक घावण संपताना दुसऱ्याकडे नजर. साखरपुड्याचा दिवस निघाला, पंचांग मिटलं, आणि इतक्यात लिमये बाई सड्यावरून उतरून खळ्यात आल्या. टोपी हातात, चेहरा उतरलेला. पाहुणे बघून मागे फिरत होत्या, आबांनीच ‘या’ म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी निरोप घ्यायला आले. उद्या यंत्रं येतायत. माझ्या हातात दाखवण्यासारखं काही नाही. तुमच्या घरी खूप छान राहिले मी." मामांनी विचारलं, कसली यंत्रं? कुणीतरी सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरा झाला, सडो नुसतो पडान होतो, चार चिरे तरी निघतले." आबांनी मान खाली घातली. मी खांबाला धरून उभी होते. मला आबांच्या कानाची पाळी तेवढी दिसत होती, लाल झालेली.

शालू चहाचं ताट घेऊन बाहेर आली. नवी जांभळी साडी, केसात अबोलीचा वळेसर. ताट तिने खाली ठेवलं, पदर खोचला आणि सरळ शिडीवरून माळ्यावर चढली. आईला वाटलं, साखर आणायला चालली. मुड्या सरकल्याचा आवाज झाला तेव्हा आईच्या तोंडातून "गो बाय माजे!" एवढंच निघालं. शालू गाठोडं छातीशी धरून उतरली, आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आबानू, तुमीच सांगा. नायतर मी सांगतंय."

बाळाकाका अर्धवट उठले. देवाची वस्तू, बाईच्या हातात! पण आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. मला वाटतं, चारचौघांत असं काही सरळ सांगायला शब्दच नव्हते त्यांच्याकडे. एकच बोलणं त्यांना मोठ्याने बोलता येत असे, ते देवापुढचं. त्यांनी गाठोडं सोडलं, दोन्ही शिंगं पाटावर ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा राखण्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाळाकाका म्हणाले. आणि त्यांच्याबरोबर अण्णा आणि मामाही म्हणाले. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडचा माणूस झोपेतसुद्धा ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, ते तोंडातून आपसूक येतं, त्याला विचार लागत नाही.

"तुजी ही शिंगा आमी बापजाद्यांपासून सांभाळलंव."

"व्हय म्हाराजा!"

"तुका वारो घातलंव, तुका घास दिलंव, पण तुजा काम काय होता तां चार माणसांत सांगूक लाजलंव."

"व्हय म्हाराजा!"

"आमचे पूर्वज तुज्या टेंबार लोखंड गाळीत. त्या लोखंडाचे कोयते, त्या लोखंडाचे फाळ. तां आज मी ह्या खळ्यात, सगळ्यांसमोर सांगतंय."

"व्हय म्हाराजा!" अण्णांचा आवाज सगळ्यात मोठा. देवळात मानाच्या जागी उभं राहायची सवय, गळा खणखणीत.

"हां माजा चेडू आपणहून तुका खाली घेवन इला. उद्या तेचा जुळलेला मोडला तरी चलात, पण तुजी जागा मोडता नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणाले अण्णा, आणि मग त्यांना कळलं आपण कशाला व्हय म्हटलं ते. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लिमये बाई पाटाजवळ कधी गुडघ्यावर बसल्या होत्या कोण जाणे. नळीला त्यांनी हात लावला नव्हता. नुसत्या बघत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

पाहुण्यांनी चहा घेतला. ताटात एक तुकडा टाकला नाही, नावं ठेवली नाहीत, शालूच्या आईच्या हाताला चव आहे असं अण्णांची बायको म्हणालीसुद्धा. मग गेले. त्या आठवड्यात निरोप आला की पत्रिकेत काहीतरी निघालं. पत्रिका महिनाभर जुळत होती, आताच काय ग्रह उठून दुसऱ्या घरात गेले? पण असं विचारायचं नसतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मग नाय म्हणणारी माणसं, एवढं मी त्या दिवशी म्हटलं आणि आजही म्हणते. आईचा राग मात्र शिंगांवर. "शिरा पडो त्या शिंगांर!" म्हणत ती रगडा फिरवायची, आबांशी बोलायची नाही, आणि रगड्याचा आवाज पुटपुटण्याशिवाय येई. ते दिवस घर खायला उठायचं. शालूच्या नावाने मग किती काळ कुठलं स्थळ आलं नाही. व्हाळावर कपडे धुताना ती रडायची, पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही अशा बेताने. मी एकदा तिच्याजवळ दगडावर बसले आणि विचारलंच, "कित्याक केलंस गो?" ती पिळा झटकत म्हणाली, "आबा बाईंकडे खोटा बोलले ना, तां माका बघवला नाय. आणि गप रवले असतंय तर काय? बांद्याक जावन जलमभर तोंडात गुळणी धरून बसाचा. तांदळात काळो खडो दिसलो तरी दचकाचा. त्यापेक्षा हां बरा." आणि पुन्हा रडायला लागली. बरं असून रडू येतं, हे मला तेव्हा कळलं.

टेंब वाचला. अखंड नळी बघितल्यावर वरच्या साहेबांना चुन्याची भट्टी म्हणता येईना. यंत्रं आली तशी सड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. लिमये बाई माणसं घेऊन परत आल्या आणि हळूहळू, ब्रशाने, टेंबाच्या पोटातून एकापाठोपाठ एक भट्ट्या उघड्या झाल्या. आबांनी नळी देताना अट घातली होती: "एक तुमका, एक देवाक." त्याप्रमाणे एक नळी आज टेंबाजवळच्या छोट्या खोलीत काचेच्या पेटीत आहे आणि दुसरी आमच्या माळ्यावर, मुड्यांमागे. आता मुड्या नाहीत, प्लास्टिकची पिंपं आहेत. शालू सावंतवाडीला शिकली, तिथेच शाळेत शिक्षिका झाली, आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने आपलं आपण लग्न ठरवलं. आमचे भावोजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाआधी म्हणाले, "मला ती शिंगं बघायला मिळतील का?" त्या दिवशी आईने त्यांना पहिलं, मोडलेलं घावण दिलं. तिच्या माफीची ती पद्धत.

बाळाकाका गेले, आबा थकले. शेवटच्या राखणेला त्यांना दम पुरेना. त्यांनी फुंकणी तोंडातून काढली, इकडे तिकडे बघितलं आणि टेंबाभोवती आता घातलेल्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या शालूला हाक मारली. "शिंगा तूच खाली हाडलंस. आता वारो पण तूच घाल." आई शालूच्या शेजारीच उभी होती. आबांच्या हातातून फुंकणी घेऊन, पदराने तिचं टोक पुसून तिने ती शालूच्या हातात दिली. तेव्हापासून आमच्या घरचा वारा बायकांचा. शालू एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या बाजूला आता मातीची नळी नाही, नुसता बांबू, पण देव चालवून घेतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघी म्हाताऱ्या अशाच बसलो होतो. जुन्या भट्टीत आता काही पेटवू देत नाहीत, म्हणून तिच्या शेजारी तशीच एक छोटी कड बांधून घेतली आहे. कोळसा किंजळीचा. शाळेची सहल आली होती. एक दोन वेण्यांची पोरगी कुंपणाजवळचा फलक मोठ्याने वाचत होती. त्यावर लिहिलंय की येथील भट्ट्या कित्येक पिढ्यांपूर्वी कायमच्या विझल्या आणि येथे काम करणारे लोक कोठे गेले हे ज्ञात नाही. पोरीने वाचलं, वळून धुराकडे बघितलं, पुन्हा फलकाकडे बघितलं. "पण सर, ही तर पेटलेली आसा!" सर म्हणाले, चला, पुढे चला, रांग मोडू नका. ती काही हलेना.

शालूने गालातला वारा सोडला. तिच्या ओठांना काजळी लागली होती. मला खुणेने म्हणाली, तू थांबू नको, फुक. मग पोरीकडे वळली. "तुजा बरोबर आसा गो बाय. फलक लिवणारो राखणेक इलोच नाय, तेका काय म्हायती?"

"पण तुमी ह्यां कित्याक करतास?" पोरगी म्हणाली.

शालूने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मला हसता येईना, तोंडात फुंकणी होती, आणि वारा थांबवून चालणार नव्हतं. तिने आपल्या हातातली फुंकणी पदराने पुसली आणि कुंपणावरून पोरीपुढे धरली.

"आत ये. आधी फुक. मगे सांगतंय."